व्यंग राहील तोवर

विमा म्हणजे एकाचा भार अनेकांनी मिळून उचलणे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने एक मोठे तत्त्व मानले: विमेदार कामगाराच्या मिळकतीवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या अपंग मुलाला वयाची अट नाही, व्यंग राहील तोवर उपचार. मुरबाडच्या कारखान्यातील विमेदाराला हा हक्क आहे. विम्याच्या पटावर नाव नसलेल्या, शहापुरातील वीटभट्टीच्या मजुराला तो नाही.

त्याच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने निघालेली ही योजना पुढल्या वर्षी ठाणे जिल्ह्यात आली. हृदयाचे छिद्र बुजवायचे असेल तर ती कामास येते. परंतु सेरेब्रल पाल्सीचे मूल एका शस्त्रक्रियेने बरे होत नाही. त्याला वर्षानुवर्षे व्यायामोपचार लागतात. मुरबाडहून कल्याणच्या प्रत्येक खेपेला एस.टी.चे भाडे पडते आणि रोजही बुडतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना अशा मुलाचे बाह्यरुग्ण उपचार आणि प्रवासखर्च ठराविक मर्यादेत सोसते. बुडालेला रोज मात्र तीही भरून देत नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे म्हणून एवढेच मागतो: ‘व्यंग राहील तोवर’ हे शब्द भट्टीवरच्या मुलालाही लागू व्हावेत.