अकाली – भाग ५ : वहीच्या कव्हरावरचा कामगार

जून महिना आला की आमच्या घरी कव्हरांच्या कागदाची शोधाशोध सुरू व्हायची. वर्तमानपत्राचं कव्हर आठ दिवसांत फाटायचं आणि खाकी कागदाला पैसे पडायचे. मग रद्दीच्या दुकानातून सोव्हिएत मासिकं आणली जायची. कागद जाड, गुळगुळीत, रंगीत, आणि भाव रद्दीचाच. माझ्या गणिताच्या वहीवर लेथ मशीनपाशी उभा असलेला एक तरुण कामगार होता. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर केसांची बट, फोटो काढणाऱ्याकडे बघून मोकळं हसलेला. वय फार तर पंचवीस. वर्षभर रोज तो दिसायचा, म्हणून अजून आठवतो.

त्याचं पुढे काय झालं हे मला कळायचा मार्ग नाही. त्याच्या पिढीचं काय झालं याची मात्र नोंद आहे.

१९९० साली रशियात साडेसोळा लाख माणसं मरण पावली. १९९४ साली तेवीस लाख. मधल्या चार वर्षांत तिथे दुष्काळ पडला नव्हता, साथीने गावंच्या गावं ओस पडली नव्हती, एवढी माणसं जावीत असं युद्धही झालं नव्हतं. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८७ मध्ये ६५ वर्षांच्या जवळ पोचलं होतं, ते १९९४ पर्यंत ५७-५८ वर आलं. स्त्रियांचं ७४ वरून ७१ वर. शांततेच्या काळात एखाद्या औद्योगिक देशाची इतकी घसरण त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

आयुर्मानाचा आकडा कसा काढतात ते मागच्या भागात आपण पाहिलं. तेवढं इथे ध्यानात ठेवावं लागेल. आयुर्मान ५७ म्हणजे सगळे सत्तावन्नाव्या वर्षी गेले असं नाही. पंचाहत्तरीतला माणूस दोन वर्षं आधी गेला तर हा आकडा फारसा हलत नाही. पस्तिशीतली माणसं जाऊ लागली की तो कोसळतो. एरवी संकट आलं की आधी तान्ही मुलं जातात, मग म्हातारी माणसं. रशियात बालमृत्यू थोडे वाढले आणि लवकरच सावरले. म्हाताऱ्यांमधली वाढ त्या मानाने कमी होती. सगळ्यात मोठा घाला पडला तो पंचविशी ते पंचावन्नमधल्या पुरुषांवर, म्हणजे घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसांवर.

मृत्यूच्या दाखल्यांवर काय लिहिलेलं होतं? हृदयविकार, अपघात, दारूची विषबाधा, आत्महत्या, खून. १९९४ साली रशियात लाख माणसांमागे चाळीसहून अधिक आत्महत्या आणि तीसहून अधिक खून झाले. हृदयविकार हे कारण वाचून आपण पुढे जातो, पण मॉस्कोतल्या मृत्यूंच्या नोंदी वारानुसार लावून पाहिल्यावर संशोधकांना एक गोष्ट दिसली. हृदयविकाराने होणारे मृत्यू शनिवारी, रविवारी आणि सोमवारी वाढत होते. रक्तवाहिन्यांतल्या चरबीला वार कळत नाही. दाखल्यावरच्या ‘हृदयविकारा’मागेही बऱ्याचदा सुट्टीच्या दिवसांतली दारू होती.

इथपर्यंत आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “रशियन माणूस पिणारच, तो त्यांचा स्वभावच.” हे उत्तर मला फार अन्यायाचं वाटतं. त्या मेलेल्या माणसांवर तर अन्याय आहेच, आणि ते चूकही आहे. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस मिखाईल गोर्बाचोव यांनी मे १९८५ मध्ये दारूविरोधी मोहीम सुरू केली. दारूची दुकानं कमी केली, दुपारी दोनच्या आधी विकायला बंदी घातली, किमती वाढवल्या, द्राक्षमळेसुद्धा उपटून टाकले. लोकांनी त्यांना सरचिटणिसाऐवजी ‘मिनरल वॉटरचे चिटणीस’ असं नाव पाडलं. साखर बाजारातून गायब झाली, कारण घरोघरी हातभट्टी लागली होती. तरीही दोन वर्षांत पुरुषांचं आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढलं. पुढे मोहीम ढिली पडली आणि आलेख पुन्हा खाली वळला. देशाचा स्वभाव दोन वर्षांत सुधारत नाही आणि पुढच्या पाच वर्षांत बिघडतही नाही. ज्या गोष्टी इतक्या लवकर बदलतात त्या बाजारात असतात, कायद्यात असतात, कामाच्या ठिकाणी असतात.

२ जानेवारी १९९२ रोजी रशियाने बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं नियंत्रण उठवलं. त्या एका वर्षात महागाई २५०० टक्क्यांच्या आसपास वाढली. आयुष्यभर बचत खात्यात साठवलेले रुबल काही महिन्यांत कवडीमोल झाले. त्याच वर्षी दारूवरची सरकारी मक्तेदारीही गेली आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कुठून कुठून आलेला माल विकायला लागला. १९९० च्या अखेरीपासून १९९४ च्या अखेरीपर्यंत खाण्याच्या वस्तू दोन हजार पटींहून महाग झाल्या, दारू साडेसहाशे पट. म्हणजे भाकरीच्या मानाने बाटली तिपटीहून स्वस्त झाली. ज्याच्या हातात पैसा उरला नव्हता त्याला परवडेल अशी हीच एक वस्तू राहिली.

पण स्वस्त दारू तर घरातल्या सगळ्यांनाच मिळत होती. मग घरातला पुरुषच का गेला? त्याची बायको का राहिली?

त्यासाठी सोव्हिएत कारखाना म्हणजे काय होतं ते समजून घ्यायला हवं. पगार ही त्यातली एक गोष्ट झाली. राहायचा फ्लॅट कारखान्याचा, मुलांची बालवाडी कारखान्याची, दवाखाना आणि कँटीनही कारखान्याचं. उन्हाळ्यात समुद्राकाठी पंधरा दिवस राहायची सोय, फुटबॉलचा संघ, संध्याकाळी जायचं सांस्कृतिक भवन, हे सगळं त्याच एका फाटकाच्या आत किंवा फाटकाशी बांधलेलं. सहकाऱ्यांची ‘कॉम्रेड न्यायालयं’ असायची. सारखा पिऊन येणाऱ्याला तिथे सगळ्यांसमोर उभं करून झापत. ते अपमानाचं होतं, पण तो कामावर आला नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायचं. ज्यांच्या घरात गिरणगाव आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको. गावाकडच्या पोराला गिरणीत चिकटवून देणारा मामा, खानावळ, खोलीतली पथारी, व्यायामशाळा, भजनी मंडळ, सगळं भोंग्याच्या वेळेला बांधलेलं असायचं. १९८२ चा संप फसल्यावर मुंबईच्या एका भागात जे उसवलं, ते रशियात अख्ख्या देशात तीन-चार वर्षांत उसवलं.

आणि ते विचित्र पद्धतीने उसवलं. सुरुवातीला बेकारीचा सरकारी आकडा फारसा वाढला नाही. माणूस कारखान्याच्या पटावर कायम असायचा, फक्त पगार महिनोन्‌महिने थकलेला असायचा. कुठे पगाराऐवजी कारखान्याचाच माल हातात ठेवत, आणि तो रस्त्यावर उभं राहून विकावा लागे. १९९८ साली अल्ताई भागात शिक्षकांना थकलेल्या पगारापोटी व्होडकाच्या बाटल्या दिल्या गेल्या. ही बातमी तेव्हा जगभर हसत हसत वाचली गेली. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

सरासरी गरिबीच या मृत्यूंच्या मुळाशी असेल, तर सगळ्यात गरीब प्रांतांत सगळ्यात जास्त माणसं मरायला हवी होती. तसं घडलं नाही. १९९८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रशियाच्या प्रांतांची तुलना प्रसिद्ध झाली. ज्या प्रांतांत आयुर्मान सगळ्यात जास्त घसरलं ते बहुतेक शहरी होते. तिथलं सरासरी उत्पन्न उलट जास्त होतं, पण त्याची वाटणी विषम होती. तिथे माणसं भराभर नोकऱ्यांतून बाहेर पडत होती किंवा नोकऱ्या बदलत होती, आणि गुन्हेही झपाट्याने वाढले होते. या लेखमालेत मला जे पुन्हा पुन्हा सांगायचं आहे त्याचा हा सगळ्यात स्पष्ट पुरावा आहे. गरिबी माणसाला झिजवते, पण अशी फटकन मारत नाही. कालपर्यंत ज्या घडीत आयुष्य बसलेलं होतं ती घडी मोडते आणि नवी बसत नाही, त्या मधल्या काळात तरुण माणसं मरतात.

याच मुद्द्यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. तेव्हा स्टॅनफर्डमध्ये असलेले जय भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलं की गोर्बाचोव यांच्या मोहिमेने लाखो मृत्यू पुढे ढकलले होते. मोहीम संपल्यावर ते परत आले, आणि नव्वदच्या दशकातल्या संकटाचा मोठा भाग त्यातूनच उलगडतो. त्याआधी २००९ साली डेव्हिड स्टकलर, लॉरेन्स किंग आणि मार्टिन मकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बोट ठेवलं होतं ते घाईघाईने झालेल्या खासगीकरणावर. त्यांच्या गणितावर इतरांनी आक्षेप घेतले आणि तो वाद पुढे बराच चालला. त्यांच्या निबंधातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात मोलाची वाटते. पूर्वीच्या कम्युनिस्ट देशांपैकी जिथे बरेच लोक एखाद्या तरी संघटनेचे सभासद होते, मग ती कामगार संघटना असो, चर्च असो की खेळाचा क्लब, तिथे खासगीकरणाचा आघात बोथट झाला होता. पोलंडमध्येही भाव भडकले, कारखाने बंद पडले. तिथलं आयुर्मान मात्र १९९१-९२ नंतर वाढू लागलं.

माझ्या मते दोन्ही बाजूंना सत्याचा वाटा आहे. दारू किती आणि कितीला मिळते यावर एकूण किती माणसं मरणार हे बरंचसं ठरलं. त्यात कोण मरणार हे मात्र कामाने आणि नात्यांनी ठरवलं. कमी शिकलेले पुरुष पदवीधरांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने गेले. स्त्रियांवर तर तीच महागाई दुप्पट ओझं होऊन आली होती. पण मुलाचा डबा, शेजारणीकडून उसनी आणलेली साखर, गावाबाहेरच्या तुकड्यातले बटाटे, आईचं दुखणं, हे सगळं त्यांच्याभोवती कायम राहिलं. त्यांच्या नवऱ्यांची माणसं मात्र सगळी कारखान्याच्या फाटकाआड होती.

हे सगळ्यात जवळून पाहिलं गेलं ते इझेव्हस्कमध्ये. उरल पर्वताच्या पश्चिमेचं हे कारखान्यांचं शहर. कलाश्निकोव रायफली इथल्याच, इझ मोटारसायकलीही इथल्याच. आता आपल्याकडची मुलंही तिथे डॉक्टर व्हायला जातात. २००३ ते २००५ या काळात तिथे वारलेल्या २५ ते ५४ वयाच्या १७५० पुरुषांच्या घरी संशोधक गेले, आणि तुलनेसाठी तितक्याच जिवंत पुरुषांच्या घरीही. विचारायचं घरच्यांना, म्हणजे बहुतेकदा बायकोला नाहीतर आईला. तो कामाला कधी जायचा? दोन-दोन दिवस घरदार विसरून नुसता पीत पडून राहायचा का? यासाठी रशियनमध्ये वेगळा शब्दच आहे, ‘झापोय’. व्होडकाखेरीज आणखी काय प्यायचा? कोलनचं पाणी? औषधाचा अर्क?

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराने अभ्यासक हादरले. दाढी केल्यावर लावायचं लोशन, औषधी अर्क, साफसफाईची द्रव्यं अशा छोट्या छोट्या बाटल्या माणसं पीत होती. काही लोशनांमध्ये ९४-९५ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे व्होडकाच्या दुपटीहून जास्त. पिण्याची वस्तू नसल्यामुळे त्यावर दारूचा कर नव्हता, त्यामुळे तेवढीच नशा व्होडकापेक्षा स्वस्तात मिळायची. नोकरी गेलेले, कमी शिकलेले पुरुष या बाटल्यांकडे जास्त वळले होते. या वयाच्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४३ टक्के धोकादायक पिण्यामुळे झाले असावेत, असा २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीचा अंदाज होता.

२००६ पासून रशियाने अल्कोहोलच्या उत्पादनाची कडक नोंद ठेवायला सुरुवात केली. १ जानेवारी २०१० पासून अर्धा लिटर व्होडका ८९ रुबलपेक्षा कमी किमतीत विकायला बंदी आली. पुढे रात्रीची विक्रीही बंद झाली. दरम्यान पगारही वेळेवर व्हायला लागले होते. २०१९ पर्यंत पुरुषांचं आयुर्मान ६८ च्या आसपास पोचलं. आधी गेलेले पुरुष मात्र परत येणार नव्हते; २०१० च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११६३ स्त्रिया होत्या.

लोशनच्या बाटल्या तेवढ्या कायद्यातून निसटल्या. काही शहरांत त्या यंत्रातून, नाणी टाकून, रात्रीबेरात्रीही मिळत. डिसेंबर २०१६ मध्ये सैबेरियातल्या इर्कुत्स्क शहरात सत्तरहून अधिक माणसं काही दिवसांत मरण पावली. बहुतेक जण नोव्हो-लेनिनो या वस्तीतले. त्यांनी प्यायलं होतं ते अंघोळीच्या पाण्यात घालायचं, ‘बोयारिश्निक’ नावाचं द्रव्य. त्यात नेहमीच्या अल्कोहोलऐवजी मिथेनॉल भरलेलं होतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसं मारली ती याच मिथेनॉलने. इर्कुत्स्कच्या बाटलीवर लेबल होतं आणि ‘पिण्यासाठी नाही’ असं त्यावर छापलेलंही होतं. पिणाऱ्यांना ते वाचता येत होतं. आधी कितीदा तरी त्यांनी तसल्याच बाटल्या घेतल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी ती माणसं उठून कामाला गेली होती.

पुढच्या आठवड्यात आपण अमेरिकेत, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात जाऊ. तिथेही आधी कारखान्यांची आणि खाणींची फाटकं बंद झाली. तिथल्या तरुणांच्या हातात मात्र बाटली नव्हती, डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी होती.