आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून

महाराष्ट्रात तिकीट काढून तुरुंग पाहता येतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी राज्य सरकारने पुण्याच्या येरवडा कारागृहापासून ‘जेल पर्यटन’ सुरू केलं. शाळेतल्या मुलांना ५ रुपये, कॉलेजातल्यांना १० आणि बाकीच्यांना ५० रुपये असे दर ठरले. १८७१ सालच्या या तुरुंगात चापेकर बंधू फासावर गेले, टिळक आणि नेहरू कैदेत राहिले आणि सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजी इथे कैदेत असतानाच पुणे करार झाला. मुंबईत उच्च न्यायालयाच्या १८७८ च्या इमारतीतही फेब्रुवारी २०१५ पासून एक छोटं संग्रहालय आहे. त्याच इमारतीत १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावरांसमोर टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. त्या कोर्टाबाहेर संगमरवरी फलक आहे.

दोन्ही ठिकाणं आवर्जून पाहावीत. पण सहलीला आलेली मुलं काचेतल्या कागदांसमोरून कशी पटापट पुढे सरकतात, ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. खटला हा मुळात बोलण्याचा मामला. कोणी आरोप ठेवला, कोणी साक्ष दिली, कोण अडखळलं, कोणाचा आवाज चढला, हे ऐकल्याशिवाय तो कळत नाही. काचेमागे ठेवला की खटला मुका होतो. हा मुकेपणा घालवायचा एक मार्ग मी इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असताना पाहिला. बोईसरला परतल्यापासून तो डोक्यातून जात नाही. आपल्या पालघर जिल्ह्याला तो इतका चपखल बसतो, की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

नॉटिंगहॅम शहरात हाय पेव्हमेंट नावाच्या रस्त्यावर शायर हॉल ही जुनी इमारत आहे. या जागी न्यायनिवाडा होत असल्याच्या नोंदी १३७५ पर्यंत आणि तुरुंगाच्या नोंदी १४४९ पर्यंत मागे जातात. आजची वास्तू १७७० च्या आसपासची, जेम्स गँडन या वास्तुरचनाकाराची. वर कोर्ट, खाली तुरुंग आणि शेजारी १९०५ साली बांधलेलं पोलीस ठाणं. तुरुंग १८७८ मध्ये बंद झाला, कोर्टकचेरी १९८० च्या दशकात दुसरीकडे गेली आणि १९९५ मध्ये इथे ‘गॅलरीज ऑफ जस्टिस’ हे संग्रहालय उघडलं. २०१७ पासून त्याचं नाव ‘नॅशनल जस्टिस म्युझियम’ आहे. माणसाला पकडायचं, त्याच्यावर खटला चालवायचा, कोंडायचं आणि दाराच्या पायऱ्यांवर फाशी द्यायचं, हे सगळं या एकाच ठिकाणी होत असे.

तिथे हिंडताना पाहुण्यांना त्या काळच्या पोशाखातले नट भेटतात. एक जण तुरुंगाधिकारी, एक जण न्यायाधीश, एखादी बाई कैदी स्त्रियांवर देखरेख करणारी. ही मंडळी माहिती सांगत नाहीत, आपल्यालाच आत घेतात. कोर्टाच्या दालनात पाहुण्यांच्या हातात कागद देतात. तू आरोपी, तू साक्षीदार, तू कारकून, बाकीचे ज्यूरी. दालन व्हिक्टोरियन काळातलं आहे. काळपट लाकडाच्या बाकांच्या रांगा, न्यायाधीशाची उंच जागा आणि मधोमध आरोपीचा पिंजरा. त्या पिंजऱ्याच्या आत जमिनीत एक जिना आहे. तो थेट खालच्या कोठड्यांकडे उतरतो. शिक्षा झालेल्याला दालनातल्या माणसांमधून बाहेर न्यावंच लागत नसे. वरून निकाल ऐकला की तो जागच्या जागी खाली जाई. पिंजऱ्यात उभं राहून त्या जिन्याकडे पाहिलं, की ‘न्यायालयीन कोठडी’ हे रोज पेपरात वाचून गुळगुळीत झालेले शब्द अंगावर येतात.

खाली कैद्यांना फिरवायचं अंगण आहे. चारी बाजूंनी उंच भिंती आणि त्यांवर कैद्यांनी कोरलेली नावं. त्यात व्हॅलेंटाइन मार्शल हे एक नाव. १८३१ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाने मताधिकार सुधारणेचं विधेयक फेटाळलं, तेव्हा नॉटिंगहॅममध्ये दंगल उसळली. उमरावाचा किल्ला जाळला गेला, जवळच्या कोलविक हॉलवर जमाव चालून गेला. तिघांना फाशी झाली. कोवळ्या मार्शलची फाशी रद्द झाली आणि त्याला समुद्रापार, आजच्या टास्मानियाला, हद्दपार करण्यात आलं. अक्षरं खोल आहेत, नीट वळणाची आहेत. घाईने ओरखडलेली नाहीत. बोट फिरवलं तर कडा लागतात. इंग्रजांनी आपल्या माणसांना काळ्या पाण्यावर पाठवलं हे आपण शाळेत शिकतो. ते त्यांनी आधी स्वतःच्या गरिबांवर करून पाहिलं होतं, हे मला त्या भिंतीशी उभं राहून पहिल्यांदा नीट उमगलं.

या संग्रहालयात लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयातला आरोपीचा पिंजराही आणून ठेवला आहे. ऑस्कर वाइल्ड आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका यांची नावं त्याच्याशी जोडून सांगतात. मराठी माणसाने इथे आणखी एक नाव आठवावं. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर विनायक दामोदर सावरकरांना अटक झाली आणि त्यांना हिंदुस्थानात पाठवायचं की नाही याची सुनावणी याच बो स्ट्रीट न्यायालयात झाली. त्या अटकेच्या मुळाशी नाशिकचं प्रकरण होतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. तो पाहायला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांनाही अंदमानला नेण्याआधी याच तुरुंगात ठेवलं होतं.

ठाण्याचा तुरुंग हा आपला तुरुंग. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी पिढ्यान् पिढ्या डहाणू, जव्हार, वाड्यापासून वसईपर्यंत सगळ्यांची मोठी कोर्टकचेरी ठाण्याला. हा तुरुंग म्हणजे मुळात पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा कैदखाना केला. नॉटिंगहॅमच्या नटांना हेवा वाटावा असं एक प्रकरण या किल्ल्यात घडलं आहे. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी त्याचा ठपका दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर ठेवला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, म्हणजे एतद्देशीयांशी संधान नको. तिथेच ते फसले. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला लागलेला मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि करता करता मराठीत गाणी म्हणायचा. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यांत होता. पहारेकऱ्यांना अवाक्षर कळत नव्हतं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटला. पुढे तो पकडला जाऊन चुनारच्या किल्ल्यात गेला, तेव्हा बिशप हेबर त्याला भेटले आणि हेबरांच्या प्रवासवर्णनातून ही हकिगत जगभर पोचली. एक मोतद्दार, एक घोडा, खिडकीत एक कैदी आणि दोन गोरे पहारेकरी. एवढ्या सामग्रीवर किल्ल्याच्या तटाखाली प्रयोग उभा राहू शकतो.

नॉटिंगहॅमची एक गोष्ट मात्र मला रुचली नाही. फाशीच्या दोरापाशी आलं, की गर्दी हसायला लागते. पोरं गळ्याला हात लावून फोटो काढून घेतात. १८४४ मध्ये त्याच दारासमोर विल्यम सॅव्हिल नावाच्या माणसाची फाशी बघायला एवढी झुंबड उडाली, की चेंगराचेंगरीत किमान १२ जण मेले. तमाशा म्हणून शिक्षा पाहायची ती भूक अजून पुरती गेलेली नाही आणि वेशभूषेतला नट तिला सहज खतपाणी घालू शकतो. आपल्याकडे तर जास्तच जपून पावलं टाकायला हवीत, कारण इथे कायद्याने १८७१ मध्ये अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो डाग कागदावरून १९५२ मध्ये पुसला, माणसांच्या नजरेतून अजून नाही. अहमदाबादच्या छारानगरमध्ये १९९८ पासून ‘बुधन थिएटर’ चालतं. बुधन सबर या बंगालमधल्या आदिवासी माणसाच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूवरचं नाटक छारा समाजातली मुलं स्वतः करतात. ज्यांना गुन्हेगार म्हटलं गेलं, तेच तिथे प्रश्न विचारतात. असं संग्रहालय आपण उभारलं, तर नॉटिंगहॅमकडून पिंजरा आणि कागद घ्यावा, पण भूमिका कुणाच्या तोंडी द्यायची हे छारानगरकडून शिकावं.

आता पालघरकडे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’चा मोर्चा पालघरच्या कचेरीवर निघाला. खेड्यापाड्यांतून, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून माणसं आली होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण पडले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे तिवारी. सालवड म्हणजे आमच्या बोईसरला लागूनच. दर वर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी माणसं जमतात, फुलं वाहतात. तिथे पाच नावं सगळ्यांना पाठ असतात. गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, कोणत्या अधिकाराने दिला, मोर्च्याने नेमकं काय मागितलं, पुढे कोणाला तुरुंगात टाकलं, हे मात्र स्टेशनवरून रोज चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या दहा तरुणांना विचारून पाहा.

आणि डहाणू-तलासरी. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेबरोबर वारली उठले, ते वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडीच्या चालीविरुद्ध. लग्नासाठी घेतलेल्या चिमूटभर कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराची गुलाम होत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. सावकाराला त्या काळात कोणतं कोर्ट विचारत होतं? आरोपी कोण, फिर्यादी कोण? जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत मुलांनी उभं राहून भांडावेत असे हे प्रश्न आहेत.

नट कुठून आणायचे, अशी अडचण इथे कुणी सांगू नये. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून रात्र रात्र सोंगं नाचवणारी माणसं याच जिल्ह्यातली. तारप्यावर सबंध गाव फेर धरतं. किनाऱ्यावरच्या गावांत उत्सवाच्या नाटकाची हौस अजून टिकून आहे. कोळगावला जिल्हा मुख्यालयाचं एवढं मोठं संकुल उभं राहिलं आहे. त्यात एक दालन, एक आरोपीचा पिंजरा, चार बाकं आणि महिन्यातून एक प्रयोग, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. संहिता कल्पनेतून लिहायची गरज नाही. पुराभिलेखागारातले कागद, त्या काळची वर्तमानपत्रं आणि घराघरांतल्या आठवणी यांतूनच ती तयार व्हावी. निकाल मात्र नटांनी देऊ नये. तो बाकांवर बसलेल्या मुलांनी मतं घेऊन द्यावा आणि का दिला तेही उभं राहून सांगावं.

जिल्हा प्रशासनाला आणि बोईसर-तारापूर-पालघरच्या हौशी नाट्यमंडळांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या १४ ऑगस्टला स्तंभाला फुलं वाहून झाल्यावर एक तास गोळीबाराचा खटला उभा करा. आणि सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड, डहाणू, तलासरीत ज्यांच्या घरी त्या काळातली अटकेची नोटीस, तुरुंगातून आलेलं पत्र किंवा एखादा फोटो असेल, त्यांनी तो रद्दीत जाऊ देऊ नये. ज्या आजी-आजोबांनी हे सगळं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून जवळच्या शाळेत नेऊन द्यावं. हे काम याच पावसाळ्यात व्हायला हवं.