टोटल चुकतेय!

हॉस्टेलवर राहून इंजिनीअरिंग करणाऱ्या प्रत्येकाला घरून एक फोन ठरलेला असतो. "अगं, हा कॉम्प्युटर बघ ना, काहीतरी करतोय!" मला तो भांडुपहून येतो. तिथे सोनापूरजवळ बाबांचा छोटा गाळा आहे, पॅकिंगच्या खोक्यांचा. बिलांचा हिशोब बाबा स्वतः एक्सेलमध्ये ठेवतात.

एकदा जुलैच्या 18 तारखेला रात्री फोन आला. 20 तारखेपर्यंत जीएसटीचं 3बी रिटर्न भरायचं, नाहीतर दिवसाला 50 रुपये लेट फी आणि वर व्याज. आणि जूनची टोटल काही जुळेना.

"किती येतेय, बाबा?"

"येतेय काहीतरी. पण चुकीची येतेय!"

अर्धा तास मी फॉर्म्युला विचारत होते, ते वाचून दाखवत होते. फॉर्म्युला बरोबर होता. शेवटी दोघंही चिडलो. मग आठवलं, विंडोजमध्ये स्टेप्स रेकॉर्डर नावाची एक गोष्ट असते. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून ती आहे, पण कोणी बघत नाही. बाबांना सांगितलं, विंडोजचं बटण आणि आर दाबा, पीएसआर टाइप करा, एंटर. स्टार्ट करा आणि रोजच्यासारखं काम करा. माझ्याशी बोलू नका!

हा रेकॉर्डर व्हिडिओ घेत नाही. प्रत्येक क्लिकला स्क्रीनचा फोटो काढतो आणि खाली कुठे क्लिक केलं ते लिहितो. टाइप केलेली अक्षरं नोंदवत नाही. फोटो मात्र शेवटचे 25 च ठेवतो (सेटिंगमध्ये वाढवता येतात). म्हणून उगाच इकडेतिकडे फिरायचं नाही. शेवटी एक झिप फाइल मिळते, ती मेल करायची.

मेल उघडली. चौथ्या फोटोत उत्तर होतं. 12 तारखेपर्यंतच्या तारखा कप्प्यात उजवीकडे चिकटल्या होत्या, 13 पासूनच्या डावीकडे! एक्सेल तारखेला आकडा समजतो म्हणून उजवीकडे ठेवतो, साध्या अक्षरांना डावीकडे. कॉम्प्युटर नुकताच फॉरमॅट झाला होता आणि रिजन अमेरिकेचं राहिलं होतं. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. म्हणजे बाबांची 5 जून झाली 6 मे. तेरावा महिना नसतो, म्हणून 13 जून ही तारीखच उरली नाही. जूनमध्ये धरली गेली ती फक्त 6 जूनची बिलं! रिजन भारताचं केलं, तारखा पुन्हा टाकल्या, टोटल जुळली.

आता तुम्ही म्हणाल, बाबांनी हे फोनवर का नाही सांगितलं? त्यांना दिसलंच नव्हतं ना! आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच आपण सांगतो. स्क्रीन सगळंच दाखवते.

कधीकधी जरा जास्तच दाखवते म्हणा. पहिल्याच फोटोत बाबांचं बँकेचं स्टेटमेंट उघडं होतं, खाते नंबरासकट. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आधी बाकीच्या खिडक्या बंद करा. तरी कॉम्प्युटरचा ताबा दुसऱ्याकडे देण्यापेक्षा हे बरं. एनीडेस्कवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच सावध केलं होतं.

मायक्रोसॉफ्ट हा रेकॉर्डर आता बंद करत आणतंय. विंडोज 11 मध्ये स्निपिंग टूलमध्ये व्हिडिओचं चिन्ह आहे, मॅकवर कमांड-शिफ्ट-5, उबंटू 22.04 पासून प्रिंट स्क्रीनच्या बटणातच व्हिडिओचा पर्याय. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर सरळ मोबाइलने शूट करा. एररचे आकडे वाचता आले पाहिजेत, हात हलवू नका. आणि लॅबच्या सरांना किंवा हॉस्टेलच्या ऑफिसात पाठवताना दोनच ओळी लिहा: काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. "सर, चालत नाही" एवढ्यावर ते बिचारे काय करणार?

बाबांचं रिटर्न 19 ला गेलं. आता ते आधी मेल करतात, मग फोन. परवा प्रिंटर चालत नव्हता म्हणून 11 फोटो आले. सगळं नीट दिसत होतं, फक्त प्रिंटर ऑफलाइन होता. "बाबा, मागची वायर बघा ना." सुटली होती.