केळीच्या गावात नारळाची वीट

सुनेने मागवलेली वीट परवा कुरिअरने आली. कोकोपीटची वीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा दाबून बसवलेला भुसा. घमेल्यात ठेवून तिने वर पाणी ओतलं, वीट फुगत गेली आणि घमेलं काठोकाठ भरलं. "बाबा, आता मोगऱ्याला एक दिवसाआड पाणी घातलं तरी चालेल," ती म्हणाली. मी मान डोलावली. तेवढ्यात दारावरून ट्रॅक्टरची ट्रॉली गेली. घड उतरवलेल्या केळीचे खांब गच्च भरलेले, निघाली होती नाल्याकडे. खांबात दहातले नऊ भाग पाणीच असतं. ते नाल्यात टाकायचं आणि ओल धरायला नारळ विकत आणायचा, तोही फैजपुरात. ती दुपार मला गोड लागली नाही.

फैजपूरचं मागचं काही काढलं की सगळे १९३६ पासून सुरू करतात. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, नंदलाल बोस यांनी बांबूने सजवलेलं टिळकनगर. सगळं खरं, पण शाळेपासून इतक्यांदा ऐकलंय की आता कान तिथे थांबत नाही. बहात्तरचा दुष्काळही सोडतो. तो माझ्याहून जास्त सोसलेल्यांनी सांगावा. मला बोलायचंय ते १९८८ ते ९८ या दहा वर्षांबद्दल, आणि आमच्या मागल्या दारच्या दोन गुंठ्यांबद्दल.

तिथे मायची वांगी होती, कढीपत्ता, शेवगा, मोगरा, न्हाणीच्या तोंडाशी अळू आणि चार केळी. जमीन काळी. लोकांना वाटतं काळ्या मातीला ओलीची काय चिंता! खान्देशातला मे पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. पारा पंचेचाळीसवर गेला की ही माती आकसते आणि बोटभर रुंद भेगा पडतात. वरून कितीही बादल्या ओता, पाणी भेगेतून थेट खाली, मुळं कोरडीच. उरलेली ओल त्याच भेगांतून वर उडून जाते. माय म्हणूनच आधी पाणी घालत नसे. आधी खुरप्याने वरची दोन बोटं माती भुसभुशीत करून भेगा बुजवायची, मग दिवस कलल्यावर पाणी, आणि लगेच वर वाळलेली केळीची पानं. कोरडवाहू शेतकरी एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात, ते तिने परसात आणलं होतं. खांबाच्या उभ्या फाका करून ती वांग्यांच्या ओळीत पालथ्या घालायची. फाका हळूहळू पाझरत, खालची माती झाकत, कुजल्या की मातीत मिसळत. कढीपत्त्याशेजारी एक झिरपतं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, वर झाकणी. आठवड्यातून दोनदा ते भरायचं काम माझं. चुकलो की, "पानी त्याले तू नही पाजलं, मग तुले च्या कशाले?"

त्या काळात एकदा परसबागांची स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून आलेल्या साहेबांचं नाव घेत नाही. त्यांनी रुमालाने नाक पुसत सांगितलं, "बाई, हा कचरा उचला. उधई लागेल, साप निघतील." बक्षीस मिळालं गल्लीतल्या एका झाडूनपुसून लख्ख केलेल्या बागेला, जिच्यात जमीन अंगणासारखी टणक होती. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा होता. माय काही बोलली नाही. पण पुढच्या वर्षी गल्लीतल्या तीन बागा लख्ख झाल्या. उधई वाळल्या लाकडाला धरते हे खरं, म्हणून माय फाका बुंध्यापासून वीतभर लांब ठेवायची. एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

त्याच दहा वर्षांत शेतात ठिबक पसरलं. भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कारखान्यातून नळ्या आल्या, पाटाचं पाणी गेलं, पुढे ऊतिसंवर्धनाची ग्रँड नैन जातीची केळी आली. ठिबकला मी नावं ठेवणार नाही. वाफे तुडुंब भरून देण्यात किती पाणी वाया जायचं ते मी पाहिलंय. माझा राग वेगळा आहे. वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, त्यावर आणखी केळी लागली आणि आणखी बोअर झाले. सातपुड्याच्या पायथ्याचा गोट्या-वाळूचा पट्टा पाणी पिऊन घ्यायचा, आता त्याच्यातूनच उपसा इतका की यावल-रावेर तालुक्यांचं नाव अतिउपशाशी जोडलं गेलं. आणि खत नळीतूनच जायला लागल्यावर शेणखताची आठवण कोणाला? ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले, आमची गायही त्याच सुमारास गेली. शेणखताशिवाय माती पाणी धरणार कशी? माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली दिसला की लोक कोणतं पोतं टाकायचं ते विचारतात.

घरातही तसंच. राखेने भांडी घासायची तोवर धुणावळीचं पाणी वांग्यांना चालायचं. पावडर आली आणि ते गटारात गेलं. नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत: फरशी, मग पेव्हर ब्लॉक, मग कुंड्या.

विटेशी माझं भांडण नाही. कुंडीत ती कामाची आहे. शेकडो पट पाणी शोषणारे हायड्रोजेलचे दाणेही आता मिळतात. पण हिशेब करून पाहा. सहा बाय पाच फुटांवर एकरी केळीची साडेचौदाशे झाडं, खांब वीस किलोंचा धरला तरी एकोणतीस टन. तो बांधाबाहेर काढायला मजुरी द्यायची.

काल नाल्याशी जाऊन ट्रॉलीवाल्याला दोन खांब मागितले. "काका, गुरांना?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत, वर चार टाकून दिले. पेव्हर ब्लॉकची एक ओळ उचकटून मोगरा कुंडीतून जमिनीत लावला आणि भोवती फाका घातल्या. संध्याकाळी सून बाहेर आली, बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, याला साप नाही ना येणार?"