कराचा कारभार : धाडीमागचा कागद

अपिलाचा प्रवास गेल्या आठवड्यात आयुक्तांच्या टेबलापर्यंत आणून ठेवला होता. आज न्यायाधिकरणाकडे वळायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो आहे. एडवणहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेववत नाही.

हे गृहस्थ वाडी करतात, मुलगा बोईसरच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवतो. त्यांचं म्हणणं असं : घरपट्टी जास्त लागली असं वाटलं तर नमुना ८चा उतारा काढता येतो, आकारणी कशी केली ते ग्रामसभेत उठून विचारता येतं. आयकराची धाड राजकारणातून पडली असं मात्र आम्ही नुसतं पेपरात वाचतो. ती कुणाच्या सांगण्यावरून पडली हे विचारायचं कुणाला?

आधी घरपट्टीचंच बघू, कारण राजकारण तिथेही आहेच. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कराचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर सदस्य अपात्र ठरतो. विरोधी गटाच्या सदस्याची थकबाकी शोधून काढायची आणि त्याचं पद घालवायचं, हा डाव गावकारणात कुणाला नवा नाही. पण प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे गेलं की पहिला सवाल येतो तो बिलाचा. बिल दिलं होतं का? कधी दिलं, कुणाच्या हाती दिलं, पोच कुठे आहे? पोच नसेल तर तक्रार टिकणं कठीण. म्हणजे डाव टाकणाऱ्याचा हेतू काहीही असो, त्याला कागद दाखवावाच लागतो. पत्रलेखकांना गावात जो भरवसा वाटतो तो या कागदामुळे, आणि तो योग्यच आहे.

आता धाडीकडे. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम १३२ सांगतं की हाती आलेल्या माहितीवरून ‘विश्वास ठेवण्यास कारण’ असेल तरच वरिष्ठ अधिकाऱ्याने झडतीचं अधिकारपत्र काढावं. ही कारणं फाइलवर नोंदवली जातात. अधिकारपत्रावर सही असते अधिकाऱ्याची. मंत्र्याची सही कुठेच नसते, आणि फोन आला असेल तर त्याचीही खूण राहत नाही.

याचा महाराष्ट्राला आलेला मोठा अनुभव मे १९७६चा. आणीबाणी चालू होती. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं घराणं गांधीजींच्या जवळचं. पुढच्या पिढीचेही विनोबा आणि जयप्रकाशांशी घरोब्याचे संबंध. उद्योगसमूहाची धुरा तेव्हा रामकृष्ण बजाजांकडे होती. दिल्लीतल्या विश्व युवक केंद्राच्या न्यासाचंही काम ते पाहत. केंद्राची ती इमारत संजय गांधींच्या युवक काँग्रेसला हवी होती आणि रामकृष्णजी ती सोडायला तयार नव्हते. त्या महिन्यात आयकर खात्याने बजाज समूहावर देशभर एकाच वेळी धाडी घातल्या. युवक केंद्र ताब्यात घेण्याचं प्रकरण पुढे शहा आयोगापुढे गेलं. धाडीचा आणि इमारतीचा संबंध लोकांनी तेव्हाच जोडला होता. मलाही तो योगायोग वाटत नाही.

इथे थोडं थांबतो, कारण या गोष्टीतला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा धागा इथेच आहे. मे १९७७मध्ये आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करायला नेमलेले न्यायमूर्ती जयंतीलाल छोटालाल शहा हे मूळचे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नंतर देशाचे सरन्यायाधीश. झडतीच्या अधिकाराबद्दलचा ‘सेठ ब्रदर्स’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा गाजलेला निकाल त्यांच्याच लेखणीतला. त्यात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. कलम १३२ अधिकाऱ्याला मनमानीचा परवाना देत नाही. वाईट हेतूने केलेली झडती न्यायालय रद्द करील. पण अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे विश्वास ठेवला असेल, तर त्याच्या मताच्या जागी न्यायालय आपलं मत बसवणार नाही, आणि अंमलबजावणीतल्या बारीकसारीक चुकांनी झडती बाद होणार नाही. त्या खटल्यात उच्च न्यायालयाने झडती रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर एवढी भिस्त ठेवली, त्यांच्याच समोर आठ वर्षांनी आणीबाणीतले अधिकारी येऊन वरून आलेल्या आदेशांच्या हकिगती सांगत होते. शहांना त्या वेळी आपला निकाल आठवला असेल का, असं मला पुष्कळदा वाटतं.

मधल्या काळात, १९७३ साली, ‘पूरणमल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं होतं की झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा वापरता येतो. करचुकवेगिरी पकडायला हे सोयीचं आहे, मान्य. पण सूडाने धाड घालणाऱ्याला त्यामुळे गमावण्यासारखं फारसं उरत नाही.

याच सुमारास अमेरिकेत काय चाललं होतं पाहा. सप्टेंबर १९७२मध्ये निक्सन यांच्या वकिलाने कर खात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती विरोधकांच्या नावांची यादी ठेवली : यांची तपासणी करा. वॉल्टर्स अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले, काहीही करू नका असं उत्तर आलं आणि यादी तिजोरीत बंद झाली. पुढे ती संसदेच्या समितीकडे गेली. निक्सनविरुद्धच्या महाभियोगाच्या दुसऱ्या कलमात कर खात्याच्या गैरवापराचा आरोप आहे. वॉल्टर्ससारखा अधिकारी दरवेळी भेटेलच असं नाही, म्हणून १९९८मध्ये तिथे कायदाच झाला. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या कार्यालयातल्या माणसांनी कुणाचीही करतपासणी सुरू करायला किंवा थांबवायला सांगणं हा गुन्हा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. असं सांगणं ज्या कर्मचाऱ्याच्या कानावर येईल त्याने ते कर खात्याच्या महानिरीक्षकाला कळवलंच पाहिजे, नाहीतर तोही गुन्हेगार.

आपण गेलो उलट्या दिशेला. २०१७च्या वित्त अधिनियमाने कलम १३२ला स्पष्टीकरण जोडलं : झडतीची नोंदवलेली कारणं कोणत्याही व्यक्तीला, प्राधिकरणाला किंवा अपील न्यायाधिकरणाला सांगितली जाणार नाहीत. आणि हे लागू झालं मागे जाऊन, १ एप्रिल १९६२पासून! नव्या २०२५च्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. खबऱ्याचं नाव झाकायला हवं, यात वाद नाही. पण त्यासाठी नाव काळं करून बाकीचा कागद दाखवता आला असता. करदात्यांच्या तक्रारी ऐकायला २००३पासून आयकर लोकपाल होते. ते पदही फेब्रुवारी २०१९मध्ये सरकारने गुंडाळलं. माझ्या मते धाड पूर्ण झाल्यावर, ठरावीक मुदतीत, ही कारणं खात्याबाहेरच्या कुणीतरी वाचलीच पाहिजेत आणि वरून आलेला प्रत्येक निरोप अधिकाऱ्याने फाइलवर लिहिलाच पाहिजे.

तर एडवणच्या पत्राला उत्तर : विचारायचं उच्च न्यायालयात, अनुच्छेद २२६खाली रिट दाखल करून. न्यायालय ती बंद फाइल मागवू शकतं. कारण होतं की नाही आणि माहितीचा विश्वासाशी संबंध लागतो की नाही, एवढं ते पाहतं. कारण पुरेसं होतं का, यात शिरत नाही. जुलै २०२२मध्ये ‘लालजीभाई मांडलिया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. बोईसरच्या छोट्या कारखानदाराला मुंबईतल्या वकिलाची फी परवडेल का, हा त्याच पत्रातला दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर खर्चाच्या आकड्यांसकट न्यायाधिकरणाच्या लेखात देईन, पुढच्या आठवड्यात.