गादी भरत नाही, तरी कुत्रा चालतो

राईच्या मिठागरांच्या बांधांवर हुंदडणाऱ्या गावठी कुत्र्याची मणक्यातली गादी ऐन तारुण्यात फुटली, असं सहसा ऐकू येत नाही. ते दुखणं भाईंदरच्या फ्लॅटमधल्या डॅशहंडचं. 12व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत असते, ती पाय आखूड करते आणि गादीलाही अकाली म्हातारपण आणते. संशोधकांना ती सापडली 2017 मध्ये.

पिल्लाच्या गादीतला गर ताडगोळ्यासारखा नितळ. डॅशहंडमध्ये तो वर्षभरातच सुकू लागतो, त्यात चुना धरतो. मग सोफ्यावरून एक उडी, आणि गर कडं फोडून थेट मज्जारज्जूवर! हा प्रकार नीट मांडला तो 1952 मध्ये हान्सेन या स्वीडिश पशुवैद्याने. छातीच्या बहुतेक गाद्यांवरून बरगड्यांची टोकं जोडणारा एक पट्टा आडवा जातो, त्यामुळे त्या बचावतात. फुटतात त्या बहुधा छाती संपून कंबर सुरू होते तिथल्या.

ऑपरेशनमध्ये मणक्याच्या बाजूला हाडात खिडकी पाडून सांडलेला गर काढतात. आत उरलेलाही पुष्कळदा काढून टाकतात, पुन्हा फुटायला नको म्हणून. मग गादी भरून येते का? नाही. रक्तवाहिन्या तिच्या बाहेरच्या कडेपर्यंतच पोचतात, आतल्या पेशी मणक्यांतून झिरपणाऱ्या अन्नावर जगतात. भोक चिवट तंतूंच्या व्रणाने बुजतं, गर काही परत येत नाही. हा व्रण धरेपर्यंत चार-सहा आठवडे उड्या आणि जिने बंद.

बरा होतो तो मज्जारज्जू. दाब हटला की वाचलेल्या तंतूंवरचं आवरण पुन्हा चढतं. किती आशा धरायची, हे डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबून पाहतात. पाय नुसता आखडला तर ते मोजत नाहीत, मेंदूला न कळताही तो आखडतो. कुत्र्याने वळून पाहिलं किंवा केकाटलं पाहिजे. तसं झालं तर ऑपरेशननंतर दहातले नऊ चालू लागतात. नाही झालं तरी जवळपास निम्मे चालतात.

आणि काहींची तर संवेदना कधीच परतत नाही, तरीही महिन्यांनी मागचे पाय झोकांड्या खात पावलं टाकू लागतात. चालण्याची लय कमरेतल्या मज्जारज्जूच्या जाळ्यातच असते. मेंदूचा निरोप न पोचताही ती पाय हलवते.