गर्भकालीन मद्यजन्य विकार : कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण व साहाय्य

गर्भावस्थेत मातेने घेतलेल्या मद्यामुळे गर्भाच्या मेंदूला व इतर इंद्रियांना कायमची इजा पोहोचून ज्या शारीरिक, बौद्धिक व वर्तनविषयक विकृती उद्‌भवतात, त्यांना गर्भकालीन मद्यजन्य विकार हे सामूहिक नाव आहे. हा एकच एक रोग नसून सौम्य अध्ययनदोषांपासून तीव्र बौद्धिक अक्षमतेपर्यंत पसरलेली ती एक मालिका आहे. झालेली इजा भरून काढणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे अशा व्यक्तीचे आयुष्य कसे घडते, हे मुख्यतः तिच्या सहवासात येणाऱ्या पालक, शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ते, पोलीस व न्यायाधीश यांच्या आकलनावर अवलंबून राहते. म्हणूनच या लोकांचे प्रशिक्षण व त्यांना मिळणारा आधार हा उपचाराचाच एक भाग मानला जातो.

विकाराचे स्वरूप : मातेच्या रक्तातील अल्कोहॉल अपरेतून (वारेतून) गर्भाच्या रक्तात सहज जाते. अल्कोहॉलचे विघटन करणारी एंझाइमे गर्भाच्या यकृतात पुरेशी विकसित झालेली नसतात. शिवाय ते गर्भजलात साठून राहते. त्यामुळे तंत्रिका कोशिकांचा नाश होतो, त्यांचे योग्य जागी होणारे स्थलांतर बिघडते आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या महासंयोजी पिंडासारखे भाग नीट घडत नाहीत. पहिल्या तिमाहीत विशिष्ट काळी मद्याचा परिणाम झाल्यास चेहऱ्यावर तीन खुणा दिसतात : डोळ्यांच्या आखूड फटी, नाक व वरचा ओठ यांमधील सपाट झालेली पन्हळ आणि पातळ वरचा ओठ. मेंदूची घडण मात्र संपूर्ण गर्भकाळ चालू असल्याने चेहरा सर्वसामान्य असूनही मेंदूला गंभीर इजा झालेली असू शकते. बहुसंख्य रुग्णांत या खुणा नसतात. गर्भावस्थेत मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही.

इतिहास : फ्रान्समधील नँट येथील बालरोगतज्ञ पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये मद्यासक्त पालकांच्या १२७ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले; परंतु त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सिॲटल येथील केनेथ लायन्स जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात अशाच मुलांचे वर्णन केले आणि त्या लक्षणसमूहाला नाव दिले. तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासाला गती आली. सिॲटल येथेच १९९७ मध्ये सुझन ॲस्टली व स्टर्लिंग क्लॅरन यांनी वाढ, चेहरा, मेंदू व मद्यसंपर्क या चार घटकांना अंक देऊन निदान करण्याची पद्धत प्रचारात आणली. कॅनडाने २००५ मध्ये राष्ट्रीय निदानसूत्रे तयार केली व २०१६ मध्ये ती सुधारली. स्कॉटलंडमध्ये २०१९ साली आणि इंग्लंडमध्ये २०२२ साली अशा प्रकारची मार्गदर्शक तत्त्वे व गुणवत्तेचे निकष जाहीर झाले.

हा विकार विरळा असल्याचा समज दीर्घकाळ होता. अमेरिकेतील चार वसाहतींत पहिलीच्या वर्गातील मुलांची तपासणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे किमान प्रमाण १.१% ते ५% आढळले. जगातील सरासरी प्रमाण दर हजारी सु. आठ असल्याचा अंदाज २०१७ मध्ये मांडण्यात आला. अशी मुले सर्वसामान्य शाळांत व वस्त्यांत बहुधा निदानाविना वावरत असतात.

प्रशिक्षणाची गरज : या विकाराचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे क्षमतांचा असमतोल. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वयाला शोभेल असे अस्खलित बोलतो. मात्र त्याची वेळेची व पैशाची समज, सामाजिक जाण आणि ऐकलेल्याचे आकलन ही बऱ्याच लहान मुलासारखी असतात. काल पाठ झालेला धडा आज आठवत नाही, परवा पुन्हा आठवतो. एका ठिकाणी शिकलेला नियम दुसऱ्या ठिकाणी लागू करता येत नाही. कृतीचा परिणाम आधी ओळखणे जमत नाही. अज्ञ निरीक्षकाला यात आळस, हट्ट वा लबाडी दिसते. ‘करीत नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांतील हा भेद ओळखता येणे, हे या क्षेत्रातील सर्व प्रशिक्षणाचे मूळ सूत्र होय.

हा भेद न ओळखल्यास होणारी हानी सिॲटलच्या मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगुथ व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये ४१५ व्यक्तींच्या पाहणीतून दाखवून दिली. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी होत्या. बारा वर्षांवरील सु. ६०% व्यक्तींचे शिक्षण खंडित झाले होते आणि जवळजवळ तितक्याच व्यक्तींचा कायद्याशी संघर्ष झाला होता. या आपत्तींना दुय्यम अक्षमता म्हणतात, कारण त्या जन्मजात नसून जन्मजात इजा व अननुकूल परिस्थिती यांच्या संयोगातून निर्माण होतात. वयाच्या सहा वर्षांपूर्वी झालेले निदान, स्थिर व मायेचे घर, हिंसेपासून संरक्षण आणि अक्षमतेसंबंधीच्या सेवांचा लाभ हे घटक संरक्षक ठरतात, असेही या पाहणीत दिसून आले. चेहऱ्यावरील खुणांसह पूर्ण लक्षणसमूह असलेल्यांपेक्षा तो नसलेल्यांना दुय्यम अक्षमतांचा धोका अधिक होता. ज्याची इजा दिसत नाही, त्याला मदतीऐवजी दोष मिळतो, हे यामागील एक प्रमुख कारण होय.

प्रशिक्षणाचे विषय : अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २००२ पासून प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रांना साहाय्य दिले आणि २००९ मध्ये वैद्यक व संलग्न व्यवसायांसाठी अभ्यासक्रमाची रूपरेषा प्रसिद्ध केली. तीत सात विषय आहेत : विकाराची मूलभूत माहिती, मद्यपानाची चाचपणी व अल्पकालीन समुपदेशन, व्यसनाधीनतेच्या उपपत्ती, गर्भावरील जैविक परिणाम, निदान व मूल्यमापन, आयुष्यभराचे उपचार आणि नैतिक, कायदेशीर व धोरणविषयक प्रश्न. कॅनडात या विकारावरील राष्ट्रीय संशोधन जाळ्यातर्फे शिक्षक, न्यायक्षेत्रातील अधिकारी व आरोग्यसेवक यांच्यासाठी वेगवेगळे पाठ्यक्रम चालविले जातात.

निदान एकट्या डॉक्टरला करता येत नाही. त्यासाठी वैद्य, मानसशास्त्रज्ञ, वाचाउपचारतज्ञ व व्यवसायोपचारतज्ञ यांचे पथक लागते. या पथकाला एकत्र काम करण्याचे शिक्षण द्यावे लागते. कारण कॅनडाच्या २०१६ च्या सूत्रांनुसार स्मृती, लक्ष, भाषा, कार्यनियोजन इ. दहा क्षेत्रांपैकी किमान तीन क्षेत्रांत तीव्र दोष आहे किंवा नाही, हे सर्वांच्या निष्कर्षांतून ठरवायचे असते. निदान केवळ नाव देण्यापुरते नसून मुलाला काय जमेल व कशी मदत लागेल हे सांगणारे असावे, असा आग्रह धरला जातो.

अध्यापन व संगोपनाची तत्त्वे : डेब एव्हन्सन व जॅन लुटके यांनी १९९७ च्या सुमारास मांडलेली आठ सूत्रे शिक्षक व पालक यांच्या प्रशिक्षणात सर्वत्र वापरली जातात. मूर्त भाषा, सातत्य, पुनरावृत्ती, ठरावीक दिनक्रम, सोपेपणा, नेमकेपणा, सुरचित परिस्थिती व देखरेख ही ती सूत्रे होत. उदा., ‘खोली आवरून ठेव’ ही सूचना अशा मुलाला पुरेशी नसते. ‘पुस्तके फळीवर ठेव’ असे एक काम सांगावे, ते झाल्यावर पुढचे सांगावे व क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. वर्गात बसण्याची जागा, शिक्षक व वेळापत्रक शक्यतो बदलू नये. सकाळच्या चुकीबद्दल संध्याकाळी दिलेली शिक्षा निरुपयोगी ठरते, कारण दोहोंतील संबंध मुलाला जोडता येत नाही. डायेन मॅल्बिन यांनी हीच दृष्टी ‘अधिक जोराने नव्हे, तर वेगळ्या रीतीने प्रयत्न करणे’ अशा शब्दांत सांगितली आहे. मुलाला बदलण्यापूर्वी त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलावी, असा तिचा अर्थ आहे. आंधळ्याला काठी देतात, त्याचप्रमाणे स्मृतीच्या व नियोजनाच्या जागी बाहेरचा आधार द्यावा लागतो आणि तो प्रौढपणीही काढून घेता येत नाही.

मातांशी वर्तन : प्रशिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग मातांशी संबंधित आहे. गर्भ राहिल्याचे ठाऊक होण्यापूर्वीच अनेक स्त्रियांनी मद्य घेतलेले असते. काहींच्या बाबतीत व्यसनामागे दारिद्र्य, हिंसा वा मानसिक आघात असतो. दोषारोपाची किंवा मूल काढून घेतले जाण्याची भीती असल्यास स्त्री खरी माहिती देत नाही. मग तिला मदत मिळत नाही व मुलाचे निदानही होत नाही. म्हणून परिचारिका व सुईणी यांना प्रत्येक गर्भवतीस मद्यपानाविषयी निःसंकोच, सारख्याच शब्दांत व उपदेशाचा सूर न लावता विचारण्याचा सराव दिला जातो. सिॲटल येथे १९९१ पासून चालू असलेल्या माता-बालक साहाय्य कार्यक्रमात प्रशिक्षित कार्यकर्ती मद्य वा अन्य मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्या मातेच्या घरी तीन वर्षे नियमित जाते. व्यसन पुन्हा जडले तरी तिची साथ सोडली जात नाही. या कार्यक्रमाचे अनुकरण कॅनडातही झाले आहे.

न्यायक्षेत्र : स्मृतीतील पोकळी नकळत कल्पित तपशिलांनी भरून काढणे आणि विचारणाऱ्याला रुचेल ते कबूल करणे, हे दोष या विकारात आढळतात. त्यामुळे चौकशीत खोटा कबुलीजबाब मिळण्याचा धोका असतो. तसेच हजेरीची तारीख विसरणे वा अटींचा भंग होणे हे मुद्दाम केल्याचे मानले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बँक्सिया हिल या बालबंदिगृहातील ९९ मुलामुलींची तपासणी २०१५-१६ मध्ये करण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ३६ जणांना हा विकार होता. मात्र पूर्वी निदान झालेले केवळ दोघे होते. उरलेली सर्व मुले शाळा, दवाखाने व न्यायालये यांतून जाऊनही ओळखली गेली नव्हती. पहारेकरी, परिवीक्षा अधिकारी व न्यायाधीश यांना प्रशिक्षण देण्याच्या मागणीला या अभ्यासाने आधार मिळाला.

लोकसमूहाचा पुढाकार : पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली विभागातील फिट्झरॉय क्रॉसिंग येथील आदिवासी स्त्रियांनी २००७ मध्ये पुढाकार घेऊन कडक मद्याच्या विक्रीवर निर्बंध घालून घेतले. त्यांच्याच निमंत्रणावरून संशोधकांनी २००२ व २००३ मध्ये जन्मलेल्या मुलांची पाहणी केली. तिचे ‘लिलिल्वान’ हे नाव ‘सगळी लहानगी’ या अर्थाचे आहे. जवळजवळ दर पाच मुलांमागे एकास हा विकार असल्याचे तीत दिसले. स्थानिक भाषा व नातेसंबंध जाणणारे कार्यकर्ते सोबत असल्यामुळे मातांनी विश्वासाने माहिती दिली. बाहेरून आलेल्या तज्ञांनी शिकविण्याबरोबरच शिकण्याचीही तयारी ठेवावी, हा या प्रयोगाचा बोध होय.

कार्यकर्त्यांना साहाय्य : एकदोन दिवसांच्या व्याख्यानांनी माहिती वाढते, वर्तन बदलण्यासाठी मात्र प्रत्यक्ष प्रसंगांवर अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित चर्चा आवश्यक असते. शिकलेले कौशल्य दुसऱ्या दिवशी नाहीसे झालेले पाहून शिक्षक व पालक निराश होतात. ही निराशा मुलावर रोष होऊन उतरते. अपेक्षा वयानुसार न ठेवता क्षमतेनुसार ठेवणे हा त्यावरील पहिला उपाय होय. पालकांना, विशेषतः दत्तक व संगोपनकर्त्या कुटुंबांना, काही काळ विश्रांती मिळावी म्हणून मुलाची तात्पुरती व्यवस्था करणे, पालकांचे परस्परसाहाय्य गट चालविणे आणि कार्यकर्त्यांची वारंवार बदली टाळणे, हेही उपाय योजले जातात. बदलीमुळे कार्यकर्त्याची कामाची जागा बदलते. मुलाच्या दृष्टीने मात्र त्याची स्मृतीच दुरावते.

भारतातील स्थिती : भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात (२०१६) अक्षमतेचे एकवीस प्रकार नमूद आहेत. त्यांत बौद्धिक अक्षमता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. गर्भकालीन मद्यजन्य विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे अशा मुलाची नोंद झालीच तर ती परिणामावरून होते, कारणावरून नाही. कारण कळल्याने दोन गोष्टी साधतात : मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि त्याच मातेच्या पुढील अपत्याला हा विकार टाळता येतो. दरवर्षी ९ सप्टेंबर रोजी, म्हणजे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, गर्भकाळाचे नऊ महिने मद्यमुक्त असावेत हा संदेश देणारा जागतिक दिन १९९९ पासून पाळला जातो. हा विकार पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. ज्यांना तो झाला आहे, त्यांच्या बाबतीत टाळता येण्याजोगा भाग म्हणजे दुय्यम अक्षमता. ते काम जाणत्या माणसांवाचून होत नाही.